पॅरिसनंतरचा आठवडा : सॅं-मालोच्या भरती-ओहोटीत

पॅरिस ऑलिम्पिकची सांगता ११ ऑगस्ट २०२४ रोजी झाली आणि पॅरालिम्पिकचे उद्घाटन २८ ऑगस्टला व्हायचे होते. दोन्ही स्पर्धांचे वार्तांकन माझ्याकडे असल्यामुळे मधल्या काळात मायदेशी जाऊन परत येण्यात खर्चही होता आणि शीणही. म्हणून कार्यालयाने मला फ्रान्समध्येच राहून रजा घेण्याची मुभा दिली. सहकाऱ्यांपैकी काही जण आल्प्सच्या बाजूला गेले, काहींनी पॅरिसमध्येच राहून संग्रहालये पाहायची ठरवली. मी ब्रिटनी प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरचे सॅं-मालो हे बंदर निवडले. त्याचे कारण इतकेच की, युरोपातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक तिथे पाहायला मिळते, आणि दापोलीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला या गोष्टीचे आकर्षण वाटले नसते तरच नवल होते.

सोमवार, १२ ऑगस्ट

मोंपार्नास स्थानकावरून सकाळची गाडी पकडली. २०१७ मध्ये नवा वेगवान लोहमार्ग सुरू झाल्यापासून पॅरिसहून रेन शहरापर्यंत जायला जेमतेम दीड तास लागतो; तिथून पुढे सॅं-मालोपर्यंत गाडी संथपणे, शेते आणि सफरचंदांच्या बागा ओलांडत जाते. डब्यात ऑलिम्पिकचे टी-शर्ट घातलेली कुटुंबे घरी परतत होती. एक लहान मुलगी लेओं मार्शांच्या पोहण्याच्या शर्यती वडिलांना पुन्हा पुन्हा सांगत होती आणि वडीलही त्या प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकत होते.

मला मात्र गाडीत बसल्याबसल्या कुठलीही शर्यत आठवायची नव्हती. तरी शरीराला लागलेली सवय एका दिवसात सुटत नाही. भारताचे घड्याळ पॅरिसच्या साडेतीन तास पुढे असते. त्यामुळे पॅरिसमध्ये रात्री नऊला संपणाऱ्या स्पर्धेची बातमी मुंबईत रात्री साडेबारा वाजता, छपाईच्या अखेरच्या क्षणी पोहोचते. या हिशोबावर सगळे दिवस बेतलेले होते. खेळाडू मैदानातून बाहेर पडताना ज्या मार्गिकेतून पत्रकारांसमोरून जातात, त्या मिक्स्ड झोनमध्ये उभे राहायचे, मिळेल त्या मिनिटा-दीड मिनिटात दोन प्रश्न विचारायचे आणि उत्तर पूर्ण ऐकण्याआधीच पहिले वाक्य मनात जुळवायला घ्यायचे, असा तो क्रम होता. त्या दीड मिनिटात समोरच्या माणसाची कित्येक वर्षे उभी असतात, आणि आपल्या हातात त्यांतले काहीही येत नाही, ही बोच मला प्रत्येक मोठ्या स्पर्धेनंतर लागून राहते.

त्याला एक अपवाद घडला. १ ऑगस्टच्या सकाळी मी पॅरिसपासून सुमारे २७० किलोमीटर दक्षिणेला, शातोरू येथील नेमबाजी केंद्रात होते. पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे गुडघ्यावर बसून केलेल्या नेमबाजीनंतर सहावा होता, पालथे झोपून केलेल्या नेमबाजीनंतर पाचवा आला आणि उभे राहून केलेल्या अखेरच्या टप्प्यात तिसरा झाला. ४५१.४ गुणांचे ते कांस्यपदक म्हणजे १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेले पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक होते. मधली ७२ वर्षे त्या सभागृहात बसलेल्या प्रत्येक मराठी माणसाला एकाच वेळी जाणवली असावीत. स्पर्धा सकाळची असल्यामुळे त्या दिवशी वेळ हाताशी होता. मी घाई न करता लिहिले, आणि संपूर्ण ऑलिम्पिकमध्ये मन भरून लिहिलेला मजकूर तोच एक.

दुपारी सॅं-मालोला उतरले. तटबंदीच्या आतले जुने गाव, त्याच्या बाहेर पसरलेली सियाँची लांब पुळण, आणि पुळणीवर लाटांचा जोर मोडण्यासाठी रांगेने रोवलेले ओकच्या झाडांचे काळे, शेवाळलेले बुंधे. समुद्र मात्र अगदी शहाण्यासारखा वाटला. फार वर चढत नव्हता आणि फार दूरही जात नव्हता. संध्याकाळी आईचा फोन आला तेव्हा मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "अगं, आज अष्टमी लागली. भांगाचं पाणी असणार, ते काय चढणार! पुनवेपर्यंत थांब, मग बघ कसं येतं ते." पर्यटन कार्यालयातून आणलेल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातही तेच छापलेले होते : पुढचे दोन दिवस समुद्र सर्वांत मंद, त्यानंतर रोज थोडा थोडा वाढत जाणार आणि नारळी पौर्णिमेनंतर उधाण.

मंगळवार, १३ ऑगस्ट

तटावरून गावाला फेरी मारली. चालायला फार वेळ लागत नाही, पण मी दर वळणावर थांबत होते. तटाच्या आत उंच, करड्या ग्रॅनाइटची घरे एकमेकांना चिकटून उभी आहेत आणि ती पाहून हे गाव सतराव्या-अठराव्या शतकापासून जसेच्या तसे टिकले असावे असे वाटते. प्रत्यक्षात यातले बहुतेक सगळे नवे आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मन सैन्याच्या ताब्यातल्या या गावावर अमेरिकी सैन्याने तोफा आणि बॉम्ब डागले, आगी लागल्या आणि तटाच्या आतला सुमारे ८० टक्के भाग नष्ट झाला. युद्धानंतर गावकऱ्यांनी आधुनिक वस्ती उभारण्याऐवजी जुन्या गावाचे रूप दगडादगडाने पुन्हा उभे करणे पसंत केले. कॅथेड्रलचा कळस तर १९७० च्या दशकात चढला. अशा पुनर्बांधणीला नकली म्हणणारे जाणकार आहेत, हे मला ठाऊक आहे. पण जे गाव जळताना आपल्या डोळ्यांनी पाहिले, तेच पुन्हा हवे असे लोकांना वाटले, यात मला खोटे काही दिसत नाही.

तटावरच्या पुतळ्यांपैकी दोन नावांपाशी भारतीय वाचकाने थांबायला हवे. रोबेर सुर्कूफ हा इथलाच. फ्रेंच राजवटीच्या परवान्याने शत्रूची जहाजे लुटणाऱ्या या खलाशाने १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचे 'केंट' हे आपल्या गलबतापेक्षा कितीतरी मोठे जहाज पकडले. दुसरा माहे द ला बुर्दोने, जन्म १६९९, जन्मगाव हेच. १७४६ मध्ये त्याच्या आरमाराने इंग्रजांकडून मद्रास घेतले. मद्रासच्या किल्ल्यावर फ्रेंच निशाण काही काळ फडकले, हे आपण शाळेत कर्नाटक युद्धांच्या प्रकरणात वाचतो. पण त्या मोहिमेचा सेनानी एका अशा बंदरात वाढला होता, जिथे दिवसातून दोनदा समुद्र पायाखालून निघून जातो, हे इथे उभे राहिल्यावर ध्यानात येते. अशा पाण्यात जहाज आत-बाहेर करायला शिकलेल्या माणसाला कोरोमंडलच्या उघड्या किनाऱ्याची भीती कशी वाटणार?

बंदरात शिडाच्या नौका पाहताना क्रीडापत्रकार जागी झाली. दर चार वर्षांनी सॅं-मालोहून एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची 'रूट दु ऱ्हम' ही शर्यत सुटते आणि कॅरिबियनमधल्या ग्वादलूपला संपते. १९७८ मधल्या पहिल्याच शर्यतीत, तेवीस दिवसांपेक्षा जास्त काळ समुद्रात काढल्यावर, कॅनडाचा माइक बर्च दुसऱ्या क्रमांकाच्या मिशेल मालिनोव्हस्कीपुढे केवळ ९८ सेकंदांनी पोहोचला. मालिनोव्हस्कीने एवढा महासागर ओलांडून जे केले, ते बर्चने केले त्यापेक्षा कमी कसे, हा प्रश्न बंदराच्या धक्क्यावर बसून मी बराच वेळ विचारत होते, आणि त्याचे उत्तर मला अटलांटिकमध्ये नव्हे, पॅरिसमध्ये शोधायचे होते.

कारण पॅरिसमध्ये भारताचे खेळाडू सहा स्पर्धांमध्ये चौथे आले. त्यांत मीराबाई चानूही होती. तिने एकूण १९९ किलो उचलले. कांस्यपदक २०० किलोला गेले. ७ ऑगस्टच्या त्या रात्री मी स्टाद द फ्रान्समध्ये बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी पाहत होते. या शर्यतीत पुरुषांच्या अंतिम फेरीत पोहोचलेला तो पहिला भारतीय. तो अकरावा आला. मीराबाईचा निकाल मला फोनच्या पडद्यावर कळला, आणि दोन्ही मिळून मुंबईला ज्या ओळी गेल्या त्या अगदी थोड्या होत्या. कारण त्या दिवसाच्या वर्तमानपत्राची सगळी जागा सकाळीच एका तिसऱ्या बातमीने घेतली होती.

बुधवार, १४ ऑगस्ट

सकाळी बसने रांस नदीच्या मुखाशी गेले. इथे समुद्राच्या भरतीवर चालणारे वीज केंद्र आहे. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. नदीच्या मुखावर सुमारे ७५० मीटर लांबीचे धरण, त्याच्या पोटात प्रत्येकी १० मेगावॉटची २४ जनित्रे, एकूण क्षमता २४० मेगावॉट. २०११ मध्ये दक्षिण कोरियात सिहवा येथे थोडे मोठे केंद्र सुरू होईपर्यंत जगातले या प्रकारचे सर्वांत मोठे केंद्र हेच होते. धरणावरून मोटारींचा रस्ता जातो, एका टोकाला होड्यांसाठी पाणकवाड आहे, आणि रस्त्याच्या कठड्याला टेकून दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक पाहत राहता येते.

हा फरकच इंधन आहे. अटलांटिकची भरती इंग्लिश खाडीत शिरते तेव्हा नॉर्मंडीचे कोतांतँ द्वीपकल्प तिच्या वाटेत आडवे येते. कोंडलेले पाणी सॅं-मालोच्या आखातात चढत जाते, आणि आखाताचा आकार व खोली अशी आहे की समुद्राचा हेलकावा त्यात विझण्याऐवजी वाढतो. मोठ्या उधाणाला ओहोटी आणि भरतीच्या पातळ्यांमध्ये बारा मीटरहून अधिक अंतर पडते. आमच्याकडे हर्णैच्या बंदरात मोठ्या उधाणाला होड्या किती वर येतात ते पाहिलेल्या माणसाला हा आकडा कळायला थोडा वेळ लागतो. भारतात याच्या जवळ जाणारे पाणी खंबातच्या आखाताचे आहे, आणि तिथेही अशा विजेची चर्चा अनेक वर्षे होत आली आहे. रांसच्या केंद्राचे कौतुक करताना एक गोष्ट वगळता येणार नाही : बांधकामाच्या काळात नदीचे मुख सुमारे तीन वर्षे समुद्रापासून पूर्ण तोडले गेले होते, त्यात तिथली जलसृष्टी मोठ्या प्रमाणात मेली, आणि धरणामागे साचणाऱ्या गाळाचा प्रश्न आजही आहे. स्वच्छ ऊर्जेची किंमतही कुणीतरी मोजते, हे या धरणावर स्पष्ट दिसते.

संध्याकाळी परतल्यावर फोनवर संदेश येऊ लागले. विनेश फोगटचे अपील क्रीडा लवादाने फेटाळले होते. निकाल आधी १३ तारखेला अपेक्षित होता, मग १६ पर्यंत लांबला होता, आणि तो अचानक आज आला. मी रजेवर होते. बातमी दिल्लीतल्या सहकाऱ्याने केली आणि उत्तम केली. मी तटावर जाऊन बसले, पण माझ्या डोळ्यांसमोर समुद्र नव्हता.

६ ऑगस्टला शाँ द मार्सच्या सभागृहात विनेशने पहिल्याच कुस्तीत जपानच्या युई सुसाकीला ३-२ असे हरवले, तेव्हा मी तिथे होते. सुसाकी ऑलिम्पिक विजेती होती आणि आंतरराष्ट्रीय आखाड्यात तोवर कुणाकडून हरलेली नव्हती. शेवटच्या काही सेकंदांत कुस्ती फिरली आणि परदेशी पत्रकार खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. त्याच दिवशी तिने युक्रेनची आणि क्युबाची अशा आणखी दोन मल्लांना हरवून अंतिम फेरी गाठली. हे तिन्ही विजय तिने त्या सकाळच्या वजनकाट्यावर पन्नास किलोच्या आत भरून मिळवले होते. दुसऱ्या दिवशी, ७ ऑगस्टच्या सकाळी, रात्रभर घाम गाळून आणि केस कापूनही तिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले. कुस्तीच्या आंतरराष्ट्रीय नियमानुसार दुसऱ्या दिवशीच्या वजनात नापास झालेला मल्ल केवळ अंतिम फेरीतून बाद होत नाही, तर क्रमवारीत शेवटी टाकला जातो. अंतिम कुस्ती तिने हरवलेल्या क्युबाच्या मल्लाला मिळाली. विनेशने निवृत्ती जाहीर केली आणि संयुक्त रौप्यपदकासाठी लवादाकडे दाद मागितली.

लवादासमोरचा प्रश्न नियमाचा होता आणि नियमात १०० ग्रॅमची सवलत नाही, हे मी मान्य करते. वजनाची मर्यादा कुणासाठी सैल केली तर दुसऱ्या कुणावर अन्याय होतो. पण पहिल्या दिवशी कायदेशीर वजनात जिंकलेल्या कुस्त्या दुसऱ्या दिवशीच्या काट्यामुळे पुसल्या जाव्यात, हे मला पटत नाही. अंतिम फेरीला मुकणे ही शिक्षा पुरेशी होती. आणि त्याहूनही मोठा प्रश्न असा की, ५३ किलोत लढणारी मल्ल ५० किलोत उतरण्यासाठी शरीरातले पाणी आटवते, तेव्हा आपण त्याला जिद्द म्हणतो. जगभरच्या आखाड्यांत हे रोज चालते, आणि त्याची बातमी काटा विरुद्ध गेल्यावरच होते.

रात्री उशिरापर्यंत पाणी तटाच्या खाली संथ हलत होते. भांगाचेच पाणी, ठरल्या वेळी आले आणि ठरल्या वेळी गेले. बऱ्याच काळाने मी अशी एक गोष्ट पाहत होते, जिचा निकाल आधीच तक्त्यात छापलेला होता आणि जो कुणालाही कळवायचा नव्हता. झोप चांगली लागली.

गुरुवार, १५ ऑगस्ट

फ्रान्समध्ये आज मेरीच्या स्वर्गारोहणाची सुटी. दुकाने बंद आणि किनाऱ्यावर गर्दी. बसने कांकाल या मच्छीमार गावात गेले. ओहोटीला तिथल्या उथळ समुद्रातून कालवांच्या शेतीच्या लांबच लांब रांगा उघड्या पडतात आणि ट्रॅक्टर थेट समुद्राच्या तळावर उतरतात. दीपगृहाजवळच्या टपऱ्यांवर कालवे ताजी फोडून देतात. लोक धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून ती लिंबू पिळून कच्चीच खातात आणि शिंपले खाली पुळणीवर टाकतात, त्यामुळे तिथली पुळण पांढरी झाली आहे. आमच्याकडे खडकावरची कालवं फोडून त्यांचे तिखट करतात, ही सवय जिभेला असल्यामुळे पहिले कालव धीर करून खाल्ले. पुढची धीराविना गेली.

विक्रेत्या बाईंनी सांगितले की गावातले पुरुष एकेकाळी कॉड मासळीसाठी महिनोन्महिने न्यूफाउंडलंडला जात, तेव्हा कालवांचे सारे काम बायकाच करीत. मी भारतातून आले आहे हे कळल्यावर त्यांनी ऑलिम्पिकबद्दल विचारले, आणि आज आमचा स्वातंत्र्यदिन आहे हे सांगितल्यावर आणखी दोन कालवे ताटलीत ठेवली. दिवसाबद्दल याहून अधिक सांगण्यासारखे नाही. मी पुष्कळ चालले.

शुक्रवार, १६ ऑगस्ट

माँ सॅं-मिशेल. सॅं-मालोहून बसने सव्वा तासाच्या आसपासचे अंतर. सपाट कुरणांवर खारे गवत खाणाऱ्या मेंढ्या दिसू लागतात आणि मग क्षितिजावर तो खडक, त्यावर चढलेले गाव आणि गावावर चढलेला मठ. आव्हरांशचा बिशप ओबेर याने ७०८ मध्ये इथे पहिले प्रार्थनास्थळ बांधले असे मानतात; पुढच्या शतकांत खडकाच्या टोकाला सपाटी नव्हती म्हणून चारही बाजूंनी तळघरे रचून त्यांच्या आधारावर चर्च उभारले गेले. क्रांतीनंतर मठाचा तुरुंग झाला आणि तो १८६३ पर्यंत होता. ज्या भव्य लाकडी चाकाच्या आत कैद्यांना चालायला लावून सामान वर ओढून घेतले जाई, ते चाक तिथे पाहायला मिळते. मी त्याच्यापाशी थोडा वेळ उभी राहिले आणि पुढे गेले.

गर्दी प्रचंड होती. अरुंद मुख्य गल्लीत माणूस माणसाला ढकलत चालला होता. म्हणून मठ पाहून झाल्यावर मी जे करायला खास आले होते, त्याकडे वळले : वाटाड्याबरोबर अनवाणी, खडकाच्या भोवतीच्या उघड्या पडलेल्या आखातात चालायला. मध्ययुगातले यात्रेकरू याच वाळूवरून येत. आजही परवानाधारक वाटाड्याशिवाय जाऊ नये असे सांगतात आणि ते योग्यच आहे. इथली वाळू अतिशय बारीक गाळाची आहे. एका जागी वाटाड्याने आम्हाला गोल उभे केले आणि पाय नाचवायला सांगितले. काही क्षणांत टणक वाटणारी जमीन थरथरू लागली आणि पाय घोट्यापर्यंत, मग पिंढरीपर्यंत आत गेले. रुतलेला माणूस पूर्ण बुडत नाही, कारण पाण्याने भिजलेली वाळू माणसाच्या शरीरापेक्षा जड असते, हे त्याने समजावले. धोका हा असतो की पाय अडकलेला असताना भरती येते. सुटण्यासाठी पाय सरळ वर न ओढता गुडघे वाकवून, शरीर आडवे टाकून हळूहळू सोडवायचा. ते आम्ही सगळ्यांनी करून पाहिले.

दूरवर तोंब्लेनचे ओसाड बेट दिसत होते. वाटाडा मूळचा इथलाच, पन्नाशीचा. त्याला कुणीतरी विचारले की, भरती खरोखर दौडत्या घोड्याच्या वेगाने येते का? तो म्हणाला, घोड्याची गोष्ट सोडा, तुमच्या चालण्यापेक्षा ती वेगाने येते आणि समोरून नव्हे, मागून, ओहोळांतून येते, एवढे लक्षात ठेवा.

१८७९ मध्ये बांधलेल्या भरावाच्या रस्त्यामुळे खडकाभोवती गाळ साचून समुद्र मागे हटत चालला होता. तो रस्ता काढून टाकला गेला, त्याच्या जागी २०१४ मध्ये खांबांवरचा पूल झाला, आणि कुएनों नदीवरचे धरण भरतीचे पाणी साठवून ओहोटीला जोरात सोडते, म्हणजे गाळ वाहून जातो. माणसाने बिघडवलेले माणसाने दुरुस्त करायला घेतले आहे. ज्या देशात नदीमुखांवर आणि खाड्यांवर भराव टाकण्याची अजून घाई आहे, त्या देशातल्या माणसाने हा पूल अवश्य पाहावा.

शनिवार, १७ ऑगस्ट

ओहोटी आता दूरपर्यंत जाऊ लागली होती. दुपारच्या सुमारास तटाखालच्या पुळणीवरून दगडी वाट उघडी पडली आणि ग्राँ बे या बेटावर चालत गेले. तिथे शातोब्रियाँ या लेखकाची समुद्राकडे तोंड केलेली समाधी आहे. तिच्यावर नाव नाही. वारा आणि समुद्र याशिवाय काही ऐकू येऊ नये, अशी त्यांची इच्छा होती, असे शेजारच्या भिंतीवरील पाटीवर लिहिले आहे. वाटेवरच्या फलकावर परतण्याची वेळ पाहून घ्यावी. ती चुकली तर सहा तास बेटावर बसावे लागते.

तिथून सॅं-सेर्व्हाँच्या बाजूला आलेच्या टेकडीवर गेले. १९४४ मध्ये याच टेकडीतल्या किल्ल्यात जर्मन सैन्याची एक तुकडी तग धरून होती आणि १७ ऑगस्टला तिने शरणागती पत्करली. आज त्या घटनेला ८० वर्षे झाली. तोफांचे पोलादी घुमट अजून जागेवर आहेत आणि त्यांच्यावर गोळ्यांनी पडलेले खोल खड्डे हाताने चाचपता येतात. एक वृद्ध गृहस्थ नातवाला घेऊन आले होते. नातवाने खड्ड्यात मूठ घालून पाहिली. ती पूर्ण आत गेली. आजोबांनी त्याला बोटाने खाडीपलीकडचे गाव दाखवले आणि कुठून कुठे आग पसरली ते सांगू लागले. त्यांच्या वयाचा हिशोब केला तर त्या वेळी ते या नातवाएवढेच असणार.

सोमवार, १९ ऑगस्ट

रविवारचा दिवस सियाँच्या पुळणीवर वाचण्यात आणि पोहण्यात गेला. आज नारळी पौर्णिमा. सकाळी भरती ओकच्या बुंध्यांवर चढून रस्त्याच्या भिंतीपर्यंत आली होती. तक्त्याप्रमाणे खरा जोर अजून दोन दिवसांनी यायचा होता, पण माझे आरक्षण आजचे होते. आईला फोनवर पाण्याचा आवाज ऐकवला. ती म्हणाली, "आमच्याकडे आज होड्यांची पूजा. तुझ्या नावानेही नारळ सोडला."

गाडीत बसल्यावर पॅरालिम्पिकची खेळाडूंची यादी उघडली. भारताचे ८४ खेळाडू आहेत. आपल्या देशाचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक सांगली जिल्ह्यातल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ मध्ये हायडेलबर्गला जलतरणात मिळवले, आणि १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या सैनिकाची ओळख बहुसंख्य मराठी माणसांना किती उशिरा झाली, हे आपण जाणतो. या यादीत सांगली जिल्ह्याच्याच आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी आहे. शालेय वयात सायकलवरून पडल्यामुळे त्याचा हात कायमचा अधू झाला. मे महिन्यात कोबे इथल्या जागतिक स्पर्धेत त्याने १६.३० मीटर गोळा फेकून एफ-४६ या हाताने अधू खेळाडूंच्या गटाचे सुवर्णपदक जिंकले आहे.

रेन स्थानक येण्याआधी मी संपादकांना फोन केला आणि सचिनवर पानभर जागा मागितली. निकालानंतरची नव्हे, निकालाच्या आधीची. त्यांनी विचारले, "पदक नाही मिळालं तर?" मी म्हणाले, "सर, म्हणूनच आधी हवी आहे. चौथा आला तरी करगणीपासून पॅरिसपर्यंतचं अंतर तेवढंच राहणार आहे." थोडे थांबून ते म्हणाले, "बरं. पाठवा." त्याची स्पर्धा ४ सप्टेंबरला स्टाद द फ्रान्समध्ये आहे. त्याच्या गावी, त्याच्या प्रशिक्षकांशी आणि जमले तर त्याच्याशीही निवांत बोलून लेख महिनाअखेरीपर्यंत मुंबईला पोहोचवायचा आहे, आणि त्यासाठीचे प्रश्न मी पॅरिस येईपर्यंत लिहून काढले.